पाक चोय फुलोऱ्यावर, मिझुना संपलं, माठ मात्र जोमात: चूक तारखेची आणि सुरीची

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात गच्ची, दिवसाला पाचएक तास ऊन. जानेवारीच्या शेवटी पाक चोय, तात्सोई आणि मिझुना या चिनी-जपानी पालेभाज्या पेरल्या. मार्चच्या सुरुवातीला पाक चोयच्या मधोमध दांडा फुटला आणि पिवळी फुलं आली, तात्सोईच्या पानांची चाळण झाली, मिझुना एकदा कापल्यावर पुन्हा फुटलंच नाही. शेजारच्या कुंडीतला लाल माठ मात्र कापेल तितका वाढतोय. खत कमी पडलं की बियाणं खराब होतं?

दोन्ही नाही. दांडा आला तो तारीख चुकल्यामुळे आणि मिझुना गेलं ते सुरी चुकीच्या जागी चालल्यामुळे. भोकांचं कारण तिसरंच आहे, ते पुढे येईल.

पाक चोय, तात्सोई, मिझुना, कोमात्सुना ही दुकानातल्या पाकिटांवर चार वेगळी नावं असली तरी वनस्पती एकच, ब्रासिका रापा. चिनी कोबी तीच आणि आपला सलगमही तीच. मोहरी तिची चुलत बहीण. म्हणून या सगळ्यांना चार पाकळ्यांची सारखीच पिवळी फुलं येतात. आपल्याकडे हे कुटुंब रब्बीचं आहे आणि वागायचंही तसंच: शेतकरी हरभरा पेरतात त्या सुमाराला हे पेरायचं. माठ, अंबाडी, मायाळू, नाळी ही मंडळी उलट, उन्हाळ्या-पावसाळ्याची. ‘पालेभाजी’ म्हणून दोन्ही गटांना एकाच तारखेला एकाच वाफ्यात टाकलं की त्यातला एक गट हमखास रुसतो.

जानेवारीच्या शेवटी पेरलेल्या पाक चोयचं काय होतं ते पाहा. उगवण होते तेव्हा पुण्यात रात्री थंड असतात, आणि या जातीची रोपं अगदी लहानपणीच ती थंडी ‘मोजून’ ठेवतात. कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात त्याच्या मुळाशीही हेच. मग फेब्रुवारीत ऊन चढतं. पुण्यात २१ डिसेंबरला साधारण ११ तासांचा असलेला दिवस मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात १२ तासांवर जातो. हिवाळा सरला, आता बी धरायचं, एवढाच अर्थ रोप त्यातून काढतं. त्यात कुंडी उथळ असेल, मुळं बुडाला वेटोळी झाली असतील किंवा दोनदा पाणी चुकलं असेल तर दांडा आणखी लवकर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेल्या रोपालाही शेवटी फुलं येतातच, पण ती येण्याआधी ४०-४५ दिवसांत गड्डा ताटात आलेला असतो.

म्हणून तारखा अशा धरा. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात घटस्थापनेपासून डिसेंबरअखेरपर्यंत. मुंबई, कोकण आणि गोव्यात मध्य नोव्हेंबर ते डिसेंबरअखेर, आणि तिथे मोठ्या गड्ड्यांचा हट्ट सोडून कोवळ्या पानांसाठीच पेरलेलं बरं, कारण दमट हवेत आणि उबदार रात्रीत गड्डा घट्ट भरत नाही. विदर्भ-मराठवाड्यात ऑक्टोबरची उष्मा ओसरली की. तारखेपेक्षा खात्रीची खूण हवी असेल तर दुपारचं तापमान सलग आठवडाभर ३२ अंशांच्या खाली राहायला लागलं की पेरा. सगळं बी एकदम टाकू नका. दर १५ दिवसांनी चिमूटभर पेरलं तर चौघांच्या घराला पुरतं. एकाच दिवशी ३० गड्डे तयार झाले तर शेजाऱ्यांची सोय होते, तुमची नाही.

जानेवारीत हातात बी उरलंच असेल तर १० तारखेपर्यंत दाट पेरा आणि २०-२५ दिवसांत कोवळी पानं कापून मोकळे व्हा. गड्ड्याची वाट पाहू नका. फेब्रुवारी-मार्चात ५० टक्के हिरवी शेडनेट लावून आठवडा-दहा दिवस उसने मिळतात, त्यापलीकडे काही नाही.

आता पेटी. या भाज्यांची मुळं उथळ असतात. १५ ते २० सेंटीमीटर खोली पुरते. १८ इंची खोल कुंडी घेऊन अर्धी माती वाया घालवण्यापेक्षा रुंद पेटी घ्या. मंडईत फळांचे प्लास्टिकचे क्रेट मिळतात, ६० बाय ४० सेंटीमीटरचे. आतून शेडनेटचा किंवा गोणपाटाचा तुकडा लावला की उत्तम वाफा. १८ सेंटीमीटर भरला तर त्यात सुमारे ४३ लिटर मिश्रण मावतं आणि पाणी प्यायल्यावर त्याचं वजन ४० किलोंच्या घरात जातं. त्यामुळे क्रेट गच्चीच्या मधोमध एकावर एक रचू नयेत, कडेच्या भिंतीलगत किंवा खाली तुळई असेल त्या रेषेत मांडावेत. प्रत्येक क्रेटखाली चार विटा. त्याने पाणी वाहून जातं, वॉटरप्रूफिंग टिकतं आणि गोगलगाईंचं लपायचं ठिकाण डोळ्यांसमोर राहतं.

मिश्रण: चार भाग पोयटा किंवा लाल माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तीन भाग कोकोपीट. क्रेटमागे ७५ ते १०० ग्रॅम निंबोळी पेंड. काळी माती शेतात सोनं असेल, पेटीत ती विटेसारखी आवळते आणि भेगाळते. तीच असेल तर प्रमाण दोन भागांवर आणा. कोकोपीटची वीट भिजवून एकदा पिळून पाणी फेकून द्या, मग पुन्हा भिजवा. त्यातले क्षार निघाले नाहीत तर रोपांच्या पानांच्या कडा दुसऱ्या आठवड्यातच करपतात आणि दोष बिचाऱ्या बियाण्यावर जातो. अर्धकच्चं शेणखत घालू नका. त्यात हुमणी येते, शिवाय पेटी आतून तापते.

पेरणी. पाक चोयच्या एक ग्रॅम बियात तीनशेहून जास्त दाणे असतात, म्हणजे पाकिटातलं चिमूटभर बी एका क्रेटला जास्तच होतं. मिश्रण आदल्या दिवशी पूर्ण भिजवून ठेवा. दुसऱ्या दिवशी बोटाने अर्धा सेंटीमीटर खोल रेघा ओढा, दोन रेघांत १५ सेंटीमीटर. बी बारीक वाळूत मिसळून सोडा, वरून चाळलेलं खत भुरभुरवा आणि झारीने पाणी द्या. पाइपचा झोत लावला तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं. तीन ते पाच दिवसांत उगवण. तोवर वर ओलं गोणपाट झाकलं असेल तर पहिला कोंब दिसल्याबरोबर, त्याच दिवशी काढा. एक दिवस उशीर झाला की रोपं पांढरी, लांबडी होऊन आडवी पडतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत.

विरळणी हा लोकांचा नावडता भाग. दोन खरी पानं आली की ५ सेंटीमीटरवर एक रोप ठेवा, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पुन्हा. गड्डा हवा असेल तर पाक चोय आणि तात्सोईला शेवटी १५ ते २० सेंटीमीटर अंतर लागतंच. ६० बाय ४०च्या क्रेटमध्ये म्हणजे ८, फार तर १० रोपं. जीव कळवळून १५-२० ठेवली की एकाचाही गड्डा होत नाही, नुसते देठ लांबतात. उपटलेली रोपं फेकायची नाहीत, ती आमटीत किंवा कोशिंबिरीत जातात. विरळणी करताना उपटण्यापेक्षा कात्रीने जमिनीलगत कापा, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळं हलत नाहीत.

रोपं वेगळ्या ट्रेमध्ये करून मग लावली तरी चालतं, पण चार पानांच्या आत लावा. त्याहून मोठं झालेलं पाक चोय लावणीचा धक्का खातं, आठवडाभर थांबतं, आणि थांबलेलं रोप फुलाकडे वळतं. थेट पेरणीच बरी.

पाणी. डिसेंबरात या आकाराच्या क्रेटला दिवसाला साधारण एक लिटर, फेब्रुवारीच्या उन्हात दीड ते दोन. हा आकडा डोळे झाकून पाळायचा नाही. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. सकाळी द्या. संध्याकाळी पानांवर पडलेलं पाणी रात्रभर राहतं आणि केवडा किंवा पांढरा तांबेरा या रोगांना आमंत्रण मिळतं. पांढरा तांबेरा ओळखायचा तर पान उलटं करा. खाली खडूचे ठिपके टेकवल्यासारखे फुगीर पांढरे फोड दिसतात. अशी पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक घोटाळा नेहमी होतो. पाक चोयच्या अगदी आतल्या, कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन जळतात. उत्तर म्हणून अंड्याची टरफलं कुटून घातली जातात. कॅल्शियम आतल्या पानापर्यंत पोचत नाही म्हणून कड जळते हे खरं, पण ते मातीत नसतं म्हणून पोचत नाही असं क्वचित असतं. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. तीन दिवस कोरडं आणि चौथ्या दिवशी बादलीभर अशी पाळी असली की वेगाने वाढणाऱ्या गाभ्याला ते मिळत नाही. टरफलं कुजून उपयोगी पडायला महिनोन्‌महिने लागतात, पीक ४५ दिवसांचं. पाण्याची पाळी सुधारा, टरफलं चहाच्या चोथ्याबरोबर कंपोस्टमध्ये जाऊ द्या.

खताचं फार स्तोम नको. पानासाठी नत्र लागतं आणि ते थोडं थोडं, वरचेवर दिलेलं चांगलं. १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड एक लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, रोज ढवळा, गाळून दहापट पाण्यात मिसळा आणि विरळणीनंतर दर दहा दिवसांनी क्रेटला लिटरभर बुडाशी घाला. वास येतो, झाकण ठेवा, शेजाऱ्यांशी संबंध टिकतील. रासायनिक चालत असेल तर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत एक ग्रॅम प्रति लिटर, दहा दिवसांतून एकदा. जीवामृत वापरत असाल तर तेही मातीत, पानांवर नाही. शेण-गोमूत्राचं पाणी कच्च्या खायच्या पानांवर शिंपडण्यात काहीच शहाणपण नाही. कापणीच्या आधी आठवडाभर कुठलंच नत्र देऊ नका. नाहीतर पान पाणचट होतं, त्यात नायट्रेट साठतं आणि ते फ्रीजमध्ये दोन दिवसांत लोळतं.

आता ती चाळण. बंदुकीच्या छऱ्यांनी केल्यासारखी बारीक, गोल, सारखी भोकं असतील तर ते उडी मारणारे बारीक काळे भुंगेरे. पानाजवळ हात नेला की टुणकन उडतात. वेड्यावाकड्या खिडक्या पडल्या असतील, काही ठिकाणी पानाचा नुसता पापुद्रा उरला असेल आणि खाली हिरवी बारीक अळी धाग्याला लोंबत असेल तर तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग, कोबीवर येतो तोच. पानात पांढरी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी. मोठी भोकं आणि सकाळी चकचकीत ओली वाट म्हणजे गोगलगाय. नुसतं ‘कीड लागली’ म्हणून नीम तेल मारलं तर चारांपैकी दोनांवर काही होत नाही, म्हणून आधी ओळखा.

भुंगेऱ्यांवर पेरणीच्याच दिवशी जाळी हा एकमेव भरवशाचा उपाय. ४० मेशची कीटकरोधक जाळी मिळाली तर ती, नाहीतर मच्छरदाणीचं कापड, तारेच्या कमानींवर ताणून कडा क्रेटभोवती घट्ट बांधायच्या. तरीही भुंगेरे दिसले तर ते आतूनच आले. त्यांच्या अळ्या आणि कोष मातीत असतात, त्यामुळे ज्या क्रेटमध्ये आधी मोहरी, मुळा किंवा पाक चोय होतं त्याच मातीवर जाळी टाकली की भुंगेऱ्यांना आपण घर बांधून दिलं. मोहरीच्या कुटुंबानंतर त्या मातीत मेथी, माठ किंवा चवळी घ्या आणि निदान एक हंगाम जाऊ द्या.

अळीवर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची पावडर, दोन ग्रॅम प्रति लिटर, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूला. उन्हात ती निकामी होते. अळी लगेच मरत नाही, खायची थांबते आणि दोन-तीन दिवसांत मरते. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून आणखी काही ओतू नका. माव्यावर पाण्याचा जोरकस फवारा पानाखाली, सलग तीन सकाळी. तरीही उरला तर १०,००० पीपीएमचं नीम तेल दोन मिलिलिटर, चार थेंब भांड्यांच्या साबणाचे, एक लिटर पाणी. नीमची कडू चव पानावर राहते, तेव्हा फवारणी आणि ताट यांत सात दिवसांचं अंतर ठेवा.

चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला मोहरी कोबीपेक्षा जास्त आवडते, म्हणून कोबीच्या शेतात मोहरीच्या ओळी सापळा म्हणून लावतात. गच्चीवर याचा अर्थ उलटाही होतो. मोहरीची कुंडी पाक चोयला खेटून ठेवाल तर पतंग पाहुणचाराला येईल आणि जेवून शेजारी जाईल. ठेवायचीच तर चार-पाच हात लांब, आणि अळ्या दिसल्या की ते रोप पिशवीत घालून बांधून टाका.

रोपं उगवून आठवड्यात जमिनीलगत बारीक होऊन कोलमडत असतील तर ती रोपमर. दाट पेरणी, जास्त पाणी आणि कोंदट हवा या तिघांचं काम. आडवी पडलेली वाचत नाहीत. उरलेल्यांना ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी पाच ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून मुळाशी ओता आणि दोन दिवस पाणी तोडा.

कापणीकडे येऊ. मिझुना का मेलं याचं उत्तर इथे आहे आणि सगळ्या पालेभाज्यांना ते लागू पडतं. कापायच्या आधी एकच गोष्ट शोधायची: या रोपाचा वाढणारा शेंडा कुठे आहे?

पाक चोय, तात्सोई, मिझुना, पालक, चुका, कोथिंबीर यांचं खोड आखडून जमिनीला टेकलेलं असतं. पानं गुलाबाच्या पाकळ्यांसारखी गोल फुटतात आणि नवं पान मधल्या गाभ्यातून येतं. तो गाभा म्हणजे शेंडा, मातीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटरवर. माठ, अंबाडी, मायाळू, नाळी यांचा शेंडा वर टोकाला असतो आणि खाली प्रत्येक पेराशी, पानाच्या बगलेत एक झोपलेला डोळा असतो. पहिल्या गटात गाभा जपायचा, दुसऱ्या गटात शेंडा मुद्दाम खुडायचा. मिझुना अगदी मातीलगत कापली की गाभाच कापला जातो. तिथून नवं पान येणार कुठून?

मिझुना १५-२० सेंटीमीटर झाली की मूठभर पानं एकत्र धरा आणि मातीपासून चार ते पाच सेंटीमीटरवर धारदार कात्रीने कापा. गाभ्यातली बोटभर पानं खाली राहिली पाहिजेत. कापून झाल्यावर वरून पाहिलंत तर मधे पोपटी टोक शाबूत दिसायला हवं. त्याच दिवशी पाणी, दोन दिवसांनी पेंडीचं पाणी. १५ ते २० दिवसांत पुन्हा कापायला येते. थंडीत तीन, कधी चार कापण्या. नंतर पानं अरुंद आणि तिखट होतात, तेव्हा उपटून टाका.

तात्सोईला कापणी नाही, खुडणी. बाहेरचं, जमिनीला टेकलेलं, सर्वांत मोठं पान देठाच्या बुडाशी धरून बाजूला वाकवून मोडा. एका खेपेस रोपाच्या एक तृतीयांश पानांपेक्षा जास्त घेऊ नका आणि मधली पाच-सहा पानं राहू द्या. देठाचा खुंट सोडला की तो कुजतो आणि तिथूनच सड गाभ्याकडे सरकते. पालकाला हाच नियम.

पाक चोयच्या बाबतीत निर्णय आधी घ्या. पानापानाने खायचं असेल तर तात्सोईसारखं खुडत राहा. पण मग गड्डा फुगत नाही. गड्डा हवा असेल तर एकही पान न तोडता थांबा. देठांचा तळ चमच्यासारखा रुंद होऊन एकमेकांना चिकटला, १५ सेंटीमीटर उंची झाली की लांब पात्याच्या सुरीने मातीलगत कापा. खुंट दोन सेंटीमीटर राहिला तर बाजूने बारीक कोंब येतात, असं बरेच जण उत्साहाने सांगतात. येतात, पण किरकोळ, आणि लवकरच फुलावर जातात. त्या जागी नवं बी पेरलेलं फायद्याचं. गड्डा तयार झाल्यावर ‘आणखी थोडा मोठा होऊ दे’ म्हणून ठेवू नका. देठ तंतुमय होतात आणि मधे दांडा डोकावतो.

दांडा डोकावलाच तर उपटून फेकू नका. फुलं उमलण्याआधी, कळ्या बंद असताना वीतभर दांडा कोवळा असतो. चीनमध्ये चोय सम ही भाजी मुळी याच कोवळ्या दांड्यासाठी लावतात. नखाने सहज तुटला तर तो भाग खायचा, तुटला नाही तर तिथून खाली सगळं धाग्याचं. म्हणजे तुमचं मार्चमधलं पाक चोयही वाया गेलं नव्हतं.

आता उन्हाळी गट, जो तुमच्याकडे बरा चाललाच आहे. लाल माठाचं बी वाळूत मिसळून फेकून पेरा, २०-२५ दिवसांत दाट जागची रोपं मुळासकट उपटून पहिली भाजी. उरलेली वीतभर झाली की मातीपासून दहा सेंटीमीटरवर, खाली दोन-तीन पेरं ठेवून, पेराच्या किंचित वर कापा. दोन्ही बगलांतून फांद्या येतात आणि पुढच्या कापणीला पाला दुप्पट मिळतो. तोच माठ डिसेंबरात पेरला तर वीतभर उंचीलाच तुरा काढतो, कारण त्याला लहान दिवस म्हणजे फुलायचा इशारा. अंबाडीचंही तसंच. जून-जुलैत पेरलेली अंबाडी पाल्यावर पाला देते, दिवस लहान होत गेले की फुलं आणि बोंडं धरते. पाक चोय दिवस वाढला की फुलतं, अंबाडी दिवस घटला की.

मायाळूच्या बियांचं कवच टणक असतं, रात्रभर भिजवा. त्याहून सोपं म्हणजे भाजीवाल्याकडच्या जुडीतली पेन्सिलएवढी जाड काडी, तीन पेरांची, दोन पेरं मातीत. वेलाला दोरी द्या आणि दर आठवड्याला शेंडा वीतभर खुडा. न खुडलेला वेल भिंत चढतो आणि पानं बाल्कनीच्या वर, वरच्या मजल्यावरच्यांच्या हाताला लागतात.

नाळी, आग्नेय आशियात जिला कांगकोंग म्हणतात, ती पाण्यातली भाजी. ग्लासभर पाण्यात काडी ठेवली तर काही दिवसांत पेरांना मुळं फुटतात. भोक नसलेल्या टबात दहा सेंटीमीटर माती, वर दोन-तीन सेंटीमीटर पाणी. पाणी चार-पाच दिवसांनी बदला, नाहीतर भाजीबरोबर डासही पिकतील. २५-३० सेंटीमीटरचे शेंडे कापा, खाली दोन पेरं ठेवा. ओढ्या-नाल्यातली नाळी तोडून खाऊ नका, ही वनस्पती पाण्यातलं जे असेल ते शोषते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र हिचं बी मागवण्याआधी थांबावं. तिथे ही वनस्पती संघीय पातळीवर हानिकारक तण म्हणून नोंदलेली आहे आणि परवान्याशिवाय बाहेरून आणता किंवा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही.

मेथी दोन्ही गटांच्या मधे आहे. मंडईत मुळासकट येते म्हणून घरीही उपटली जाते. मातीपासून चार सेंटीमीटरवर कापली तर एकदा, कधी दोनदा फुटते. दुसऱ्या खेपेचा पाला जरा कडसर, ठेपल्यांना चांगला.

कापणी सकाळी, ऊन चढायच्या आत, पानं ताठ असताना. गार पाण्यात दोन मिनिटं बुडवून काढा, पंख्याखाली कापडावर पूर्ण सुकवा, मग सुती कापडात गुंडाळून डब्यात. ओली पानं डब्यात गेली की तिसऱ्या दिवशी बुळबुळीत. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पाच-सात दिवस टिकतात, मात्र शेजारी पिकलेली केळी, आंबे किंवा पपई नको. त्यांच्या वायूने पानं पिवळी पडतात.

स्वयंपाकात पाक चोयचे देठ आणि पानं वेगळी चिरा. लसूण-मिरचीच्या फोडणीत देठ आधी, दोन मिनिटांनी पानं, एक मिनिटात गॅस बंद. झाकण ठेवलं तर रंग उतरतो आणि पाणी सुटतं. तात्सोई पालकाच्या जागी डाळीत छान लागते आणि तिच्यात पालकाच्या मानाने ऑक्झलेट बरंच कमी असतं. मिझुना शिजवू नका, दही आणि दाण्याच्या कुटाबरोबर कोशिंबीर करा.

राहता राहिलं बियाणं. पाकिटातलं गुलाबी किंवा निळं रंगवलेलं बी बुरशीनाशक लावलेलं असतं. ते पेरायला ठीक, पण ट्रेमध्ये दाट टाकून दहा दिवसांत कोंब खाण्यासाठी वापरू नका. त्यासाठी स्वयंपाकघरातली अख्खी मोहरी किंवा मेथी उत्तम. उरलेलं पाकीट काचेच्या बाटलीत, तळाला तव्यावर भाजून गार केलेले चमचाभर तांदूळ, आणि बाटली फ्रीजमध्ये. घरचं बी धरायचं ठरवलंत तर एका वर्षी एकाच प्रकाराला फुलू द्या. पाक चोय, तात्सोई, मिझुना एकाच जातीची असल्याने मधमाशी त्यांचा सर्रास संकर करते, आणि एकट्या रोपाला स्वतःच्या परागाने बी जवळपास धरत नाही. किमान पाच-सहा रोपं एकत्र फुलू द्या. शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या, हलवल्यावर दाणे वाजायला लागले की दांडे कापून कागदी पिशवीत उलटे टांगा. पूर्ण वाळेपर्यंत झाडावर ठेवल्या तर शेंगा तडकून बी गच्चीभर होतं, चिमण्यांना मेजवानी.